बेत कुणाचा, रविवार कुणाचा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, सा. न. वि. वि. आमच्या लग्नाला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. आम्ही सुदामानगरला राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, वरच्या मजल्याचं कर्ज आम्ही दोघं फेडतोय. सासूबाई आमच्याबरोबर असतात. नवरा विजयनगरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तसं सगळं ठीक आहे. प्रश्न आमच्या वहीचा आहे.

लग्न ठरल्यापासून आम्ही एक वही ठेवलीय. मनात येईल तो बेत तिच्यात लिहायचा. त्याच्या आजोबांची १९८४ची बजाज चेतक दुरुस्त करायची आणि तिच्यावरून महेश्वरला जायचं. आजोबा जाऊन चार वर्षं झाली, स्कूटर पोर्चमध्ये उभी आहे. महिन्यातून एका रविवारी घरीच पोह्यांचा ठेला मांडायचा, मित्रांना बोलवायचं, जमलं तर पुढे खरोखरचा ठेला लावायचा. नर्मदा परिक्रमा तुकड्या-तुकड्यानं करायची, तिचा नकाशा कपाटाच्या दारावर चिकटवलाय. उन्हाळाभर गच्चीवर झोपायचं. आणि थंडीत सिरपूर तलावावर पहाटे पक्षी बघायला जायचं, हा माझा.

यातला पोह्यांचा रविवार जानेवारीत झाला. तीस माणसं आली, खूप मजा आली, भांडी आवरता आवरता मला संध्याकाळचे पाच वाजले. स्कूटरवर सासूबाई पायपुसणी वाळत घालतात. घरी येणारं प्रत्येक जण वही बघून हसतं. आत्याबाई म्हणाल्या, "वहीत पाळणा कधी लिहिणार?" नवरा म्हणतो, हसू दे. मला मात्र हल्ली वही उघडली की कंटाळा येतो, आणि कंटाळा आला म्हणून वाईटही वाटतं. आम्ही पोरकटपणा करतोय का? वही बंद करून शहाण्यासारखं वागावं का?
– स., सुदामानगर, इंदूर

उत्तर : वही बंद करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

नव्या संसारात बोलायचे विषय फार लवकर ठरून जातात. हप्ता गेला का, सिलिंडर लावला का, आईंच्या गोळ्या आणल्या का, उद्या डब्याला काय. हे सगळं बोलावंच लागतं. पण तेवढंच बोलणं उरलं की माणूस समोर बसलेला असूनही त्याची नवी ओळख होत नाही. तुम्ही रात्री वही उघडून चेतकवर बसता आणि महेश्वरला पोचता, तेव्हा तुला कळतं की याला आजोबांची अजून किती आठवण येते. त्याला कळतं की तुला पहाटेचं पाणी आवडतं. हे एरवी कोण कुणाला सांगतं? त्यामुळे पोरकटपणा हा शब्द डोक्यातून काढून टाक. आत्याबाईंचंही इथेच संपवू. पाळणा हलायचा तेव्हा हलेल, तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे आणि वहीचा त्याच्याशी काही संबंध नाही. "आत्या, तुम्हाला कळवल्याशिवाय राहू का?" एवढं बोलून त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायचा.

तुझा कंटाळा मात्र खरा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पत्र पुन्हा वाचताना मी एका ओळीवर थांबले. तीस माणसं आली, खूप मजा आली, भांडी आवरता आवरता तुला पाच वाजले. तिन्ही गोष्टी तू एका दमात लिहून टाकल्यास, जशी काही तिसरीही मजेतच जमा होते. होत नाही ती. कांदा कुणी चिरला, पोहे कुणी निवडले, ओटा कुणी पुसला हे तू लिहिलं नाहीस, पण तीस माणसांच्या पोह्यांचं काय असतं ते मला ठाऊक आहे. तुझा नवरा आल्यागेल्याचं हवं-नको बघत असणार आणि तेही मनापासून. त्याच्या लक्षात राहिलं मित्रांचं हसणं, तुझ्या लक्षात राहिली तळाला लागलेली कढई. आता वही उघडली की त्याला हुरूप येतो आणि तुला थकवा, यात नवल ते काय? बेत सुचणार एकाला आणि निस्तरणार दुसरा, असं झालं की चांगल्यातला चांगला बेतही नकोसा होतो. तुझं मन त्याच्यावरून उडालेलं नाही, वहीवरूनही नाही. तुला दमायला झालंय, आणि ते तू त्याला सांगितलेलं दिसत नाही. तर आधी ते सांग. भांडून नाही आणि हसण्यावारीही नको. एका संध्याकाळी नीट बसून सांग.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागली. पाच बेतांमध्ये तुझा एकच, तोही तू सगळ्यात शेवटी लिहिलास. सगळ्यात जवळचा, सगळ्यात स्वस्त, सुदामानगरहून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवरचा. आणि लग्न झाल्यापासून अख्खी थंडी येऊन गेली तरी तोच व्हायचा राहिलाय. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि येत्या रविवारी सिरपूरला जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच पक्ष्यांचे दिवस. धार रोडवरचा हा तलाव होळकरांच्या काळचा. २०२२मध्ये तो आणि आपला यशवंतसागर जलाशय, दोन्ही रामसर यादीत गेले. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागा या यादीत असतात. इंदूरच्या इतक्या जवळ हे असताना आपण अजून पाहुण्यांना फक्त राजवाडा आणि छप्पन दुकानची खाऊगल्ली दाखवतो, याची मला नेहमी रुखरुख वाटते. उजाडायच्या आत पोचा. शक्यतो पूर्वेकडचा काठ धरा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील आणि पाण्यावरचे पक्षी रंगांसकट दिसतील. समोरून ऊन आलं की बदक काय, पाणकावळा काय, सगळे नुसते काळे ठिपके. थापट्या, तलवार बदक ही थंडीतली पाहुणी मंडळी ओळखायला सोपी. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट असते, तलवार बदकाची शेपटी लांब आणि टोकदार. दुर्बीण विकत घ्यायची घाई नको. आधी कुणाची तरी मागून घ्या, पुढे घ्यावीशी वाटलीच तर आठ बाय चाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरते. थर्मासमध्ये चहा त्यानं भरायचा आणि घरी आल्यावर थर्मास विसळायचाही त्यानंच. सिरपूरची गोडी लागली की यशवंतसागर आहेच, तिथे सारस दिसतात. सारसाची जोडी शेतात चालताना बघण्यासाठी मी कितीही लवकर उठेन.

आता चेतक. नवऱ्याला वाटत असेल, आधी मेकॅनिक बोलवावा. नाही, आधी कागद काढा. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत, म्हणजे वारसाच्या नावावर करायला परिवहन कार्यालयात फॉर्म ३१ भरावा लागतो. त्याला मृत्यूचा दाखला, जुनं आरसी बुक, बाकीच्या वारसांची संमती हे सगळं जोडायचं. हे काम खरं तर काही महिन्यांच्या आत करायचं असतं, तुम्हाला उशीर झालाय तर दंड पडेल, तो भरून मोकळे व्हा. शिवाय दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तिच्यापुढे फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. आजोबांनी शेवटची कधी वाढवली होती ते आरसी बुकात दिसेल. मग विमा, मग पीयूसी. यातलं काहीही नसताना "गल्लीपुरतीच काढतो" म्हणून रस्त्यावर आणली आणि काही झालं, तर सगळं अंगावर येतं. कार्यालयात खेटे घालायचं खातं नवऱ्याचं. गाडी त्याच्या आजोबांची आहे, बेतही त्याचाच आहे.

गाडीविषयी मी आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिकना विचारलं. आयुष्यभर बजाज उघडण्यात गेलेला माणूस. ते म्हणाले, एवढी वर्षं उभ्या गाडीचं इंजिन सहसा शाबूत असतं, दगा देतात त्या बाकीच्या गोष्टी. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, आतून गंज आहे का बघायचं, कार्बोरेटर साफ करायचा, सगळ्या केबली नव्या घालायच्या, ब्रेकचे लायनर बदलायचे. टायर वरून कितीही चांगले दिसोत, रबराला बारीक भेगा असतात, ते स्टेपनीसकट बदलायचेच. जुनी चेतक बंद झाली तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. आणि ही टू-स्ट्रोक आहे हे विसरायचं नाही, लिटरमागे वीस मिली ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं.

एक गोष्ट त्यांनी फार कळकळीनं सांगितली. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून नुसत्या गिअरवर अशी गाडी सोडायची नाही. ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतल्या आत अडकून बसतो. अधूनमधून थोडी मूठ पिळत राहायचं.

हे ऐकल्यावर मला तुमच्या महेश्वरच्या रस्त्याची काळजी वाटली. महेश्वर नव्वदेक किलोमीटर. आग्रा-मुंबई रस्त्यानं गेलात तर मानपूरच्या पुढे गणपती घाट येतो. तिथले ट्रकचे अपघात इंदूरच्या माणसाला सांगायला नकोत. चाळीस वर्षांच्या ड्रम ब्रेकवर त्या उताराला जायचं नाही, हे मी मोठेपणाच्या अधिकारानं सांगते. त्यापेक्षा महूवरून जाम दरवाज्याचा रस्ता धरा. अहिल्याबाईंनी बांधलेला तो दरवाजा विंध्याच्या ऐन कड्यावर उभा आहे. मागे माळवा, खाली निमाड पसरलेलं. पहिल्या खेपेला तिथूनच परत फिरा, घाट उतरू नका. गाडीनं नीट साथ दिली तर पुढच्या वेळी खाली मंडलेश्वर, मग महेश्वर. आणि ती चालवायला तूही शीक. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र, थंडीत सुरू होत नसली की आपल्याकडे तिरकी करून मग किक मारायची, हे सगळं दोन सुट्ट्यांत जमतं. मागच्या सीटवर बसून महेश्वर गाठणं आणि अर्ध्या वाटेत "आता मी घेते" म्हणणं, यात फार फरक आहे.

पोह्यांच्या रविवाराला माझा विरोध नाही, तीसला आहे. दहा-बारा माणसं बोलवा. जिलबी बाहेरून आणा. पत्रावळी पानाच्या घ्या, त्या थेट ओल्या कचऱ्यात जातात. आलेल्या मित्रांपैकी दोघांनी कढई-परात घासल्याशिवाय उठायचं नाही, हे निमंत्रणातच सांगून ठेवा. खरे मित्र असतील तर येतील आणि घासतीलही. खरोखरच्या ठेल्याचं स्वप्न मात्र गमतीखातर बघू नका. तो पहाटे तीनला उठणाऱ्या माणसांचा पोटाचा धंदा आहे, तुमची दोघांची नोकरी सांभाळून व्हायचा नाही.

परिक्रमेचा नकाशा कपाटावर तसाच राहू दे. रीतीप्रमाणे चालत केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. नोकरी आणि कर्ज असताना ती आत्ता होणार नाही हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. म्हणून ती वहीतून खोडायची का? मुळीच नाही. काही बेत करायचे असतात, काही बोलायचे असतात, आणि कुठला कुठल्या जातीचा हे दोघांना ठाऊक असलं की झालं. आम्ही लग्नानंतर ठरवलं होतं की महू ते खंडवा मीटरगेजवरच्या प्रत्येक स्टेशनावर एकेका सुट्टीला उतरायचं. पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह. सगळी झाली नाहीत. आता ती थेट गाडीही राहिली नाही. पण आमच्या घरात अजून पाऊस पडला की "कालाकुंडला कलाकंद खायचा का?" असं कुणीतरी म्हणतंच. मला त्या बेतानं इतकी वर्षं दिलेला आनंद पुऱ्या झालेल्या कित्येक गोष्टींनी दिलेला नाही. पाताळपाणी ते कालाकुंड हा तुकडा रेल्वेनं २०१८पासून हेरिटेज गाडी म्हणून चालवला. गाडी सुरू आहे का ते बघून पावसाळ्यात नक्की जा, घाट आणि बोगदे बघण्यासारखे आहेत. हाच रेल्वेमार्ग इंदूरला यावा म्हणून १८७०मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केलं, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांच्या मुदतीनं. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे ती मुदत वाचून माझा ऊर भरून येतो. आपण बघायला असणार नाही हे माहीत असताना आकडा, व्याज आणि मुदत लिहून तो माणूस मोकळा झाला.

नर्मदेचं आणखी एक. १९७८पासून आपल्या नळाला तिचं पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, विंध्य चढून. चेतक जाम दरवाजा उतरायला लायक झाली की तुम्ही तिथेच पोचणार आहात. वहीत परिक्रमेचा पहिला तुकडा म्हणून तेच लिहा.

गच्चीचा बेत सगळ्यात सोपा. मे महिन्यापर्यंत थांबायचं, मच्छरदाणी बांधायला चार काठ्या बघून ठेवायच्या आणि वर जायचं. माळव्याच्या रात्री उगाच नावाजलेल्या नाहीत. गाद्या वर न्यायच्या त्यानं, खाली आणायच्या तू, किंवा उलट. पण ते आधी ठरू दे.

वहीत यापुढे बेताखाली कामं लिही, आणि प्रत्येक कामापुढे नाव. पैशांचंही तसंच. स्कूटरचा खर्च घरखर्चातून काढलात तर सासूबाईंना ती डोळ्यांत खुपेल, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. काही बँकांत सहा महिन्यांचीसुद्धा आवर्ती ठेव उघडता येते. दोघांनी महिन्याला सारखी रक्कम टाका, हजार-हजार का होईना. ती फक्त वहीची. माझं हे उत्तर त्याला मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या पत्रावरून तो ऐकून घेणारा वाटतो.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून, लग्नाला सहा महिने. शनिवारी रात्री साडेदहाला सराफ्यात खायला जातात, दीडला परत येतात. भुट्ट्याचा कीस, तळलेला गराडू कंद, रबडी असं सगळं खाऊन रविवारी दहापर्यंत झोपतात. तेही चालवून घेतलं. मागच्या महिन्यात मात्र दोघांनी हॉलमधला सोफा विकला आणि त्या जागी पितळी कड्यांचा झोपाळा आणला. पाहुणे आले तर बसायचे कुठे? सांगायला गेलं तर सून म्हणते, "आई, तुम्हीच तर सांगायचात, तुमच्या माहेरी झोपाळा होता." यांना कसं समजवायचं?
– एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सराफ्याचं सोडून द्या. सोनारांची दुकानं बंद झाल्यावर तिथे चुली पेटतात, साडेदहाच्या आधी जाऊन करायचं काय? गराडू तर थंडीतच मिळतो, हे दिवस त्यांचेच आहेत. कधी तुम्हीही बरोबर जा, किंवा निदान येताना पानात कीस बांधून आणायला सांगा. घरी वाट बघणाऱ्या माणसासाठी काहीतरी बांधून आणायची सवय मुलांना लागली पाहिजे.

झोपाळ्याचं दुःख मला वेगळं वाटतं. खरं सांगा, तुम्हाला झोपाळा आवडला नाही, की सोफा न विचारता गेला हे लागलं? तो सोफा तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी घेतला असेल, त्याच्यावर तुमच्या हातचे अभ्रे असतील. ते वाईट वाटणं रास्त आहे आणि तेवढंच मुलाला सांगा. "झोपाळा राहू दे, पण घरातली जुनी वस्तू जाताना मला आधी कळलं पाहिजे." झोपाळा नको, पाहुणे काय म्हणतील, हे बोलत बसलात तर मूळ गोष्ट बाजूलाच राहील. वाद घालून तो झोपाळा उतरवलात तरी तुमचं मन हलकं होणार नाही.

सुनेनं जे म्हटलं ते उलट उत्तर म्हणून घेऊ नका. तुम्ही माहेरच्या झोपाळ्याविषयी कधीतरी बोललात, तिनं ते मनात ठेवलं आणि घरात आणून टांगलं. सहा महिन्यांच्या सुनेकडून आणखी काय हवं? तिला ते नीट सांगता आलं नसेल. दुपारी कामं आटोपली की बसा त्यावर आणि तिला माहेरचं सांगा.

एका गोष्टीत मात्र भीड धरू नका. हुक कशात बसवलाय ते बघून घ्या. तुळईत किंवा सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमध्ये आरपार बोल्ट घालून बसवला असेल तर ठीक. नुसत्या प्लास्टरमध्ये किंवा पीओपीच्या छतात असेल तर आजच बसणं बंद. दोन माणसांचं वजन आणि वर हेलकावा, त्याला साधा हुक टिकत नाही. कड्यांना महिन्यातून एकदा तेल आणि हुकाकडे एकदा नजर. पाहुण्यांसाठी चार घडीच्या खुर्च्या किंवा भिंतीलगत एक बैठक. त्याचे पैसे सोफ्याच्या विक्रीतून, तेवढं मुलांकडून घ्याच.

प्रश्न : बायको साताऱ्याची, मी जन्मापासून लोकमान्यनगरचा. दर रविवारी पोह्यांवरून वाद. तिला कांदा परतलेले, शेंगदाण्याचे हवेत. मला वाफेवरचे, शेव आणि जिरावण मसाल्याचे. आता आम्ही दोघं मिळून एका वहीत 'आपले पोहे' म्हणून कृती लिहायची ठरवली आहे, पण पहिल्याच ओळीवर अडलोय.
– अ., इंदूर

उत्तर : पहिली ओळ दोघांची सारखीच आहे : पोहे चाळणीत धुवून, निथळून, मीठ, साखर, हळद लावून दहा मिनिटं झाकून ठेवायचे. इथपर्यंत एकत्र लिहा आणि मग पोहे दोन वाटण्यांत करा. तिच्या वाट्याला कढईत तेल, मोहरी, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा गुलाबी होईपर्यंत, मग पोहे, वरून ओलं खोबरं. तुमच्या वाट्याला मोहरी, बडीशेप आणि मिरचीची फोडणी पोह्यांवर ओतून, हलकं कालवून, खाली पाणी उकळतंय अशा पातेल्यावर चाळणीत ठेवून झाकण. कांदा कच्चा, बारीक, शेवटी. त्याबरोबर शेव, कोथिंबीर, लिंबू, मिळाले तर डाळिंबाचे दाणे.

तिचा वाटा तुम्ही करा, तुमचा तिला करू दे. महिनाभर असं चाललं तर दुसरी ओळ आपोआप सुचेल, बहुतेक तिच्याच हातून. आणि जिरावण ताटलीत वरून घ्यायचं, कढईत घातलं तर त्याचा वास जातो.